खारवणारी कितेरिया

कोल्दारेस वाडीत डुक्कर कापायचं ठरलं की पहिला निरोप कितेरियाला जायचा, मग पाद्रीबाबांना. पाद्रीबाबा उशिरा आले तर फार तर आशीर्वाद जरा शिळा व्हायचा. कितेरिया आली नाही तर डिसेंबरात टांगलेली मांडी मार्चमध्ये वास मारायची, आणि मग अख्खं घर वर्षभर नुसता कोबी चावत बसायचं. त्यामुळे देवाचा रुसवा परवडला, तिचा नको, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या. अर्थात ती समोर नसताना. समोर म्हटलं असतं तर ती आणखी फुगली असती, आणि फुगण्याच्या बाबतीत तिला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

यायची तीच मुळी राणीसारखी. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कमरेला स्वतःचं फडकं, दुसऱ्याच्या घरचं फडकं तिला चालायचं नाही. मांडी फळीवर घ्यायची, हाडाच्या कडेने अंगठा दाबत दाबत उरलेलं रक्त बाहेर काढायची, मग मीठ चोळायची. तेही कसं? लहान बाळाला तेल लावावं तसं. मग लाकडी डोणीत मिठाच्या थरात मांडी निजवायची, वर फळी, फळीवर धोंडा. धोंडासुद्धा ती निवडणार. "हा नको, हा उन्हातला आहे, तो ओढ्यातला आणा." धोंड्याने काय फरक पडतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि हात चालू असताना तोंडही चालू. कुणाची गाय गाभण, कुणाची मुलगी कुणाच्या गंजीमागे दिसली, सगळं त्या मिठाबरोबर मुरायचं.

पण तिचा खरा तोरा होता चवीचा. खारवलेल्या मांसाचा एक पातळ काप जिभेवर ठेवून ती सांगायची, मीठ कुठलं, किती दिवस डोणीत होतं, मांडी उत्तरेच्या वाऱ्याला टांगली होती की चुलीच्या धुराजवळ. कधी चुकली नाही. हे साऱ्या खोऱ्याला मान्य होतं. नव्हतं ते एकाच माणसाला, आणि ते माणूस तिच्याच चुलीपाशी बसायचं.

प्राक्सेदिस म्हातारी म्हणजे तिची सासू. बावीस वर्षं, रोज दुपारी, वाडगा तोंडाला लावून पहिला घोट घेतला की म्हातारी एकच शब्द बोलायची.

"खारट."

मग वाडगा संपवायची, तळाला लागलेलं पावाने पुसून खायची, आणि वर, "जास्त उरलंय का?"

"खारट आहे ना, आई? मग कशाला हवं?"

"टाकून कशाला द्यायचं? आमच्या काळी टाकत नव्हते."

या दोघींच्या मध्ये गाल्द्रिक जेवायचा. कितेरियाचा नवरा, म्हातारीचा एकुलता एक, धंद्याने खेचरवाला. बोलायचा इतका कमी की त्याने आपले सगळे शब्द खेचरांवर खर्च केलेत, असं लोक म्हणायचे. भांडण फारच चढलं तर तो उठून खेचरांना दाणा घालायला जायचा. त्याची खेचरं त्या भागात सगळ्यात गुबगुबीत होती, यावरून त्या घराची कल्पना यावी.

आता मिठाची गोष्ट. आमच्या खोऱ्यात मीठ बापजाद्यांपासून डोंगरापलीकडून यायचं. तिकडे कार्दोनाला मिठाचा अख्खा डोंगर आहे. फोडायचं, खेचरावर लादायचं, खिंड ओलांडायची, झालं. लालसर, कोरडं मीठ, मागून जराशी गोडी येणारं. मग कुठेतरी दोन राजे बसले, त्यांनी नकाशावर रेघ ओढली, आणि आमचं खोरं एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलं. ही बातमी वाडीला पोचली तेव्हा शेळ्या चरत होत्या, आणि पोचल्यावरही चरतच राहिल्या. पण नव्या राजाने पुढच्या वर्षी मिठाला हात घातला. यापुढे मीठ घ्यायचं ते राजाच्या कोठारातलं, राजा म्हणेल त्या भावाने, आणि घरात डुकरं किती तेही शिपाई येऊन बघणार. पलीकडचं मीठ सापडलं की पाठीवर चाबूक. पुन्हा सापडलं की राजाच्या गलबतांवर साखळीला बांधून वल्ही मारायला.

राजाचं मीठ समुद्रकाठचं, करडं आणि ओलसर. कितेरियाने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि कोठाराच्या दारातच थुंकली.

"हे मीठ नाही," ती म्हणाली. "समुद्राने अंग धुतलेलं पाणी आहे."

तेव्हापासून काही पुरुष डोंगरात जायला लागले. राजाची माणसं त्यांना दरोडेखोर म्हणायची. खोरं त्यांना देवदूत म्हणायचं, कारण ते ढगातून उतरायचे आणि ढगात नाहीसे व्हायचे. जवळून पाहिलं तर या देवदूतांच्या पायांत दोरीच्या चपला असत, अंगाला शेळीचा वास येई, आणि त्यातल्या निम्म्यांना गुडघेदुखी होती. सोमवारी घळीत शिपायांच्या तुकडीवर धोंडे लोटायचे, आणि रविवारी प्रार्थनेला पहिल्या रांगेत डोळे मिटून उभे राहायचे. एकदा घळीतून जीव घेऊन पळालेला शिपाई रविवारी चर्चच्या दारात उभा राहून एकेकाचं तोंड बघत होता. सगळे इतके सोज्वळ दिसत होते, की शेवटी त्या बिचाऱ्याने स्वतःच क्रूस काढला छातीवर.

गाल्द्रिक त्यांचा वाटाड्या. धुक्यात खिंड कुठे आहे हे त्याला आणि त्याच्या खेचरांना ठाऊक होतं, आणि दोघंही कुणाला सांगणाऱ्यातले नव्हते. कितेरियाला माहीत होतं. म्हातारीला माहीत होतं की नाही, देव जाणे. मुलाच्या चपलांना कुठला चिखल लागलाय हे तिला दिसत असणारच, पण तिने कधी विचारलं नाही, आणि तिला कुणी सांगितलं नाही.

जानेवारीत संत अँटनीच्या दिवशी जनावरांना आशीर्वाद द्यायचा सण असतो. त्या वर्षी सपाटीवरचा एक खेचरांचा व्यापारी आला होता. गप्पिष्ट, गोल पोटाचा, निरुपद्रवी माणूस. चर्चसमोर लांब टेबल मांडलेलं, प्रत्येक घरातून मांसाचे काप आलेले. त्याने कितेरियाची कीर्ती ऐकली आणि हसला.

"बाई, चव सगळ्यांनाच असते."

"असते ना. शेळीलाही असते," कितेरिया म्हणाली. "बांधा माझे डोळे."

बांधले. पाच घरांचे पाच काप दिले. तिने पाचही सांगितले, मिठासकट, घरासकट. चौथ्याला तर म्हणाली, "ही तेक्लाची. तेक्ला, मी ओढ्यातला धोंडा सांगितला होता, तू बदललास." तेक्ला तिची शेजारीण. तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, कारण न करून सांगते कुणाला? व्यापाऱ्याने टोपी काढून वाकून सलाम केला. गाल्द्रिक कोपऱ्यात बसून बायकोकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते अख्ख्या वाडीने पाहिलं. त्याला बोलायची गरज नव्हती. म्हातारी म्हणाली, "डोळे बांधल्यावर मांजरही दूध शोधतं," आणि लंगडत घरी गेली.

व्यापाऱ्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण गप्पिष्ट माणूस तो. सपाटीवरच्या दर खाणावळीत त्याने ती गोष्ट सांगितली. कोल्दारेसची बाई, डोळे बांधून मीठ ओळखते! सेरेतच्या बाजारात कुणी तिच्याबद्दल विचारत होतं, असं कानावर आलं तेव्हा कितेरिया आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हती.

मार्चमध्ये ओढ्याच्या उतारावर शिपायांनी गाल्द्रिकला धरलं. खेचरावर चार खारवलेल्या मांड्या होत्या, बाकी काही नाही. तो म्हणाला, प्रात्सच्या बाजारात विकायला चाललोय. खरं तर त्या वरच्या मेंढवाड्यात लपलेल्या माणसांच्या पोटाला चालल्या होत्या. मिठाचा अंमलदार अडला तो एका ठिकाणी. मांड्या राजाच्या मिठाच्या असल्या तर हा साधा खेचरवाला, सोडून द्यायला हवा. डोंगरापलीकडच्या असल्या तर हा देवदूतांपैकी, आणि मग गलबत. पण तीन महिने मुरलेल्या मांसातलं मीठ कुठलं, हे त्याच्या माणसांना कळेना. कुणालाच कळलं नसतं. मग त्याला खाणावळीतली गोष्ट आठवली, आणि त्याने कितेरियाला बोलावणं धाडलं.

मांड्या तिनेच खारवल्या होत्या. लाल मिठात.

सकाळी धुण्याच्या दगडांवर बायका जमल्या. कुणी कपडा पाण्यात बुडवला नाही.

"खोटं सांग," तेक्ला म्हणाली. "राजाचं आहे म्हण."

"आणि खात्री करायला त्याने दुसरं काही चाखायला दिलं तर?"

"तर तेही चुकव. सगळंच चुकव. तुला काही येत नाही असं दाखव. नुसती फुशारकी, बाकी काही नाही. आम्ही हसतो. तू वेडी ठरलीस की तुझ्या साक्षीवर कोण कुणाला गलबतावर धाडणार?"

कितेरियाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "जोरात हसा. मला राग येईल असं हसा."

"ते आमच्यावर सोड," तेक्ला म्हणाली.

म्हातारीला यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. गुडघा सुजला होता, घराबाहेर पडायची नव्हती. तिला सांगितलं होतं की गाल्द्रिकला चुकून धरलंय, संध्याकाळी येईल. तिला जपायचं म्हणून. वाडीने इतक्या प्रेमाने दुसरी कुठली चूक केली नसेल.

चर्चसमोरच्या खळ्यावर टेबल मांडलं होतं. जानेवारीतलंच टेबल. त्यावर पाच ताटल्या. चार कापांचं मीठ अंमलदाराला ठाऊक होतं, पाचवा गाल्द्रिकच्या मांडीचा. अंमलदार तरुणच होता, सर्दीने नाक लाल झालेलं, शेजारी सपाटीवरचा दुभाषा. गाल्द्रिक दोन शिपायांमध्ये उभा, हात मागे बांधलेले. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, खेचराला वळणावर सांभाळ म्हणतात तशी.

"तूच का ती?" दुभाष्याने विचारलं. "जी कधी चुकत नाही?"

"कधी चुकत नाही? माझ्या सासूला विचारा, साहेब," कितेरिया म्हणाली. "ती रोज सांगते मी किती चुकते ते."

लोक हसले. दुभाष्याने ते सांगितल्यावर अंमलदारही हसला. सुरुवात चांगली झाली होती.

पहिला काप. तिने चघळला, डोळे मिटले, मोठा आव आणला. "डोंगराचं मीठ." अंमलदाराने मान हलवली. राजाचं होतं. दुसरा. "राजाचं." डोंगराचं होतं. वाडी खिदळायला लागली. तिसरा. ती मुद्दाम अडखळली, घोटभर पाणी मागितलं, आणि पुन्हा चुकली. चौथा चुकला. तेव्हा हशा पिकला. हसायला सांगितलं होतं खरं. पण काही जणी जरा जास्तच मनापासून हसल्या. बावीस वर्षं तिने एकेकीची डोणी उपसून दाखवली होती, धोंडे बदलायला लावले होते. ते सगळं त्या दिवशी फिटलं. कुणी ओरडलं, "बाई, ती शेळी आणा!" कितेरियाचे कान लाल झाले. ते सोंग नव्हतं.

पाचवा काप तिने जिभेवर ठेवला. स्वतःच्या हाताचा. ओढ्यातला धोंडा, उत्तरेचा वारा, अठरा दिवस डोणीत.

"राजाचं," ती म्हणाली. "नाहीतर डोंगराचं. साहेब, मला नाही कळत हो. लोक उगाच चढवतात."

अंमलदाराने नाक पुसलं. तो कंटाळला होता. दुभाष्याकडे वळून त्याने काहीतरी म्हटलं, आणि शिपायाने गाल्द्रिकच्या दोरीकडे हात नेला, सोडायला. हे सगळ्यांनी पाहिलं.

"काय झालं दात काढायला?"

खळ्याच्या टोकाला प्राक्सेदिस म्हातारी उभी होती. कुणाच्या तरी गाढवावर बसून आली होती, मुलासाठी पाव घेऊन. पावाची टोपली काखेत, काठी हातात, चेहरा पेटलेला. तिला दिसली होती ती फक्त तिची सून, परक्यांच्या टेबलापाशी मान खाली घालून, आणि तिच्याकडे बोट दाखवून हसणारी सगळी वाडी.

"आई, तुम्ही घरी चला," कितेरिया पुटपुटली.

"तू गप्प बस! ए तेक्ला, तू हसतेस? तुझ्या टांगलेल्या मांडीत किडे झाले तेव्हा कोण आलं होतं रात्रभर बसायला?"

"ही कोण?" अंमलदाराने विचारलं.

"हिची सासू," दुभाषा म्हणाला.

"अरे, मग हिलाच तर विचारायचं होतं."

दुभाष्याने विचारलं. तेक्ला पुढे धावली, म्हातारीचा दंड धरला, कानाशी लागली. म्हातारीने तिला झटकून दिलं.

"ऐकून घे, टोपीवाल्या! ही माझ्या घरात आली त्या पहिल्या हिवाळ्यात मी तिची परीक्षा घेतली. माझ्या बापाच्या वेळचं मूठभर मीठ जपून ठेवलं होतं, ते एकाच मांडीला चोळलं. कुणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. ईस्टरला कापली. हिने एक घास घेतला आणि म्हणाली, आई, हे मीठ म्हातारं आहे. बावीस वर्षं झाली. एकदा चुकलेली नाही. एकदाही नाही!"

"पण तुम्ही तर रोज हिला चुकलीस म्हणता?"

"ती डोक्यावर बसू नये म्हणून!"

खळ्यावर कुणी हसलं नाही.

पुढे कधीतरी कितेरियाने एकट्या तेक्लाला सांगितलं, की त्या वेळी, भीती पोचायच्या आधी, एक क्षण तिला बरं वाटलं होतं. एकच क्षण. त्यासाठी तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुभाषा हळू आवाजात सांगत होता. अंमलदार ताटल्यांकडे बघत होता. मग त्याने एकेका ताटलीवर बोट ठेवलं. चार. चारही उलट्या. ज्याला कळत नाही तो चारात एखादं तरी चुकून बरोबर सांगतो, असं तो म्हणाला. सगळं चुकवायला सगळं ठाऊक असावं लागतं. कितेरियाला नीटनेटकं काम करायची सवय होती. चुकायचं कामही तिने नीटनेटकंच केलं होतं. पाचव्या ताटलीला ती आधी काय म्हणाली होती, एवढंच त्याने विचारलं. राजाचं, दुभाषा म्हणाला.

शिपायाने सोडायला घेतलेली दोरी पुन्हा आवळली.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं. "मी काय वाईट बोलले? चांगलंच तर बोलले." ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "तेक्ला? अगं, बोल ना कुणीतरी."

गाल्द्रिकला साखळी चढवायला लागले तेव्हा तिला आपोआप कळलं. टोपली हातातून गेली. पाव खळ्यावर घरंगळला आणि अंमलदाराच्या बुटाशी जाऊन थांबला.

गाल्द्रिक तिच्याजवळून जाताना थांबला. शिपायांनी थांबू दिलं. आयुष्यभर न बोललेला माणूस तो, पण त्या दिवशी बोलला, आणि हसत बोलला.

"आई, केलंस एकदाचं हिचं कौतुक. मला वाटलं होतं, मी मेल्याशिवाय काही ऐकायला मिळत नाही."

मग बायकोकडे वळला. "खेचरांना दाणा घाल," म्हणाला. "आता तुम्ही दोघीच आहात, भांडण झालं तर कोण उठणार?"

नार्बोनच्या रस्त्यावर साखळीला बांधलेल्या रांगेत तो दिसला, असं एका कातडीवाल्याने सांगितलं. त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही. वरचे देवदूत अजून काही वर्षं धोंडे लोटत राहिले, मग फौज आली, घरं जळाली, आणि जे वाचले ते खिंड ओलांडून गेले. वाट दाखवायला गाल्द्रिक नव्हता, त्यामुळे काही धुक्यात राहिले. आता सगळ्या डोण्यांत करडं मीठच असतं.

लोक कितेरियाला अजून बोलावतात. ती येते, रक्त काढते, मीठ चोळते, आणि धोंडा कुणीही कसलाही ठेवला तरी काही म्हणत नाही. कुणी काप पुढे केला तर मान हलवते.

पण खरी शांतता तिच्या घरात होती. त्या दिवसापासून म्हातारीने तो शब्द उच्चारला नाही. वाडगा समोर आला की खाली बघून जेवायची, वाडगा पुसायची, उठायची. कितेरिया वाट बघायची. पहिल्या घोटानंतर हात थांबायचा तिचा, बावीस वर्षांच्या सवयीने. काही यायचं नाही. उन्हाळा गेला, चेस्टनट गोळा करून झाले, डुकरं कापायचे दिवस आले, तरी काही आलं नाही.

मग एक दिवस, भर दुपारी, हाडाकोबीचा रस्सा उकळत असताना, कितेरियाने मिठाच्या मडक्यात हात घातला आणि मूठभर मीठ टाकलं. थांबली. आणखी एक मूठ टाकली. मग तिसरी. ढवळलं, वाडगा भरला, म्हातारीपुढे ठेवला आणि समोर बसली. आता तरी म्हण, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शिव्या दे, वाडगा फेक, पण म्हण.

म्हातारीने घोट घेतला. तिचे डोळे भरून आले, गळ्याची शीर ताणली. तिने सुनेकडे पाहिलं नाही. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, कोबी चावला, वाडगा तळापर्यंत संपवला आणि पावाने पुसला.

"छान झालंय, पोरी," ती म्हणाली.

कितेरियाने आपला वाडगा भरून घेतला आणि तीही शेवटपर्यंत जेवली. संध्याकाळ होईपर्यंत दोघी आळीपाळीने घागरीपाशी जात होत्या, पाणी पीत होत्या, एकमेकींकडे न बघता.